अपडेट नव्हे, रीस्टार्ट थांबवा

महोदय,

संगणक मध्येच आपोआप रीस्टार्ट होतो म्हटले की 'विंडोज अपडेट सर्व्हिस (अपडेट्स आणणारा, मागे चालणारा प्रोग्राम) डिसेबल करून टाका' असा सल्ला हमखास मिळतो. तो टिकत नाही, कारण विंडोज 10 आणि 11 मध्ये ही सर्व्हिस बंद पडलेली दिसली की तिला पुन्हा उभी करणारी दुसरी सर्व्हिस बसवलेलीच असते. टिकला तर आणखी वाईट. मे 2017 मधल्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसच्या हल्ल्याची फट बुजवणारे अपडेट मार्चमध्येच आले होते. ज्या संगणकांवर ते टाकले गेले नव्हते, ते त्या हल्ल्यात सापडले.

रीस्टार्ट लागतो, कारण सिस्टीम वापरत असलेल्या फायली चालू स्थितीत बदलता येत नाहीत. प्रश्न फक्त तो कधी व्हावा हा. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स इथे 'अ‍ॅक्टिव्ह अवर्स', म्हणजे संगणक आपोआप रीस्टार्ट होऊ नये ते तास, स्वतः भरा. कमाल मर्यादा 18 तास, म्हणजे सकाळी 6 ते रात्री 12. त्याच पानावरचे 'गेट मी अप टू डेट' आधी बंद करा. ते चालू असेल तर अ‍ॅक्टिव्ह अवर्सना कोणी विचारत नाही. 15 मिनिटे आधी सूचना येते आणि संगणक रीस्टार्ट होतो.

उरतात रात्रीचे सहा तास, आणि व्हिडिओ रेंडर किंवा मोठा बॅकअप नेमका तेव्हाच लावलेला असतो. विंडोजच्या 'प्रो' आवृत्तीत ग्रुप पॉलिसी एडिटर (विंडोजचे नियम ठरवण्याचे साधन) उघडा. कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कॉम्पोनन्ट्स, विंडोज अपडेट (विंडोज 11 मध्ये त्याखाली लेगसी पॉलिसीज) असे जात 'नो ऑटो-रीस्टार्ट विथ लॉग्ड ऑन यूजर्स' एनेबल करा. इथे बरेच जण फसतात. 'कन्फिगर ऑटोमॅटिक अपडेट्स' या दुसऱ्या पॉलिसीत पर्याय क्रमांक 4 (अपडेट आपोआप डाउनलोड करून ठरल्या वेळी बसवणे) निवडला नसेल, तर ही पॉलिसी नुसती शोभेची. शिवाय कोणी लॉग-इन असेल तोवरच ती लागू. स्क्रीन लॉक करून उठलात तर चालते, साइन-आउट केलेत तर नाही.

'होम' आवृत्तीत हा एडिटरच नाही. तिथे रात्रीचे काम लावण्याआधी अपडेटचे पान उघडून पाहावे. रीस्टार्ट बाकी दिसला तर तो आधी उरकावा, मग 'पॉज अपडेट्स' दाबून काम सुरू करावे. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारनंतरचे काही दिवस हे विसरू नये. मायक्रोसॉफ्टची मासिक सुरक्षा अपडेट्स त्याच मंगळवारी येतात.

— एक वाचक