चौतिसाव्या संदर्भाजवळची पेन्सिलीची खूण

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

आमचा शोधनिबंध स्वीकारल्याचे संपादकांचे पत्र काल संध्याकाळी आले. ते वाचल्यावर सर्वांत आधी आपली आठवण झाली, म्हणून सहलेखकांना कळवण्यापूर्वी मी हे पत्र लिहायला बसलो. माझ्यासाठी ग्रंथालयात आपण जे केलेत त्याला आपण ‘नेहमीचेच काम’ म्हणालात. मला ते तसे मानवत नाही, आणि ते चार लोकांना कळावे असे मनापासून वाटते, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

आपल्याकडे आलो तेव्हा मी पुरता खचलो होतो. संदर्भ सूचनांप्रमाणे दिलेले नाहीत, एवढ्याच शेऱ्यानिशी हस्तलिखित परीक्षकांपर्यंत न पोहोचता परत आले होते. वरिष्ठांना विचारले तेव्हा हे कारकुनी काम आहे, कोणाकडून तरी करून घ्या, असे उत्तर मिळाले. शेवटी पैसे मोजून एका व्यावसायिक सेवेकडे ते सोपवले. त्यांनी परत पाठवलेली सूची दिसायला देखणी होती, पण तीत दोन लेखांची प्रकाशनवर्षे बदलली होती आणि एका डीओआयवरून, म्हणजे लेखाच्या कायमच्या ऑनलाइन ओळखक्रमांकावरून, भलताच लेख उघडत होता. तक्रार केली तेव्हा, संदर्भांच्या अचूकतेची जबाबदारी लेखकाची असते, असे त्यांनी कळवले. ते खरेच आहे. पण ज्यांच्या हातून ती वर्षे बदलली त्यांनीच ते मला ऐकवावे, याचा राग अजून शमलेला नाही.

आपण मात्र आधी मला बसायला सांगितलेत आणि मग पहिला संदर्भ मोठ्याने वाचलात. लेखक-वर्ष पद्धतीची ती सूची आम्हाला व्हँकुव्हर पद्धतीत आणायची होती, म्हणजे मजकुरात ज्या क्रमाने उल्लेख येतो त्याच क्रमाने संदर्भांना क्रमांक द्यायचे होते. मी ते क्रमांक हाताने टाकले होते, त्यामुळे प्रस्तावनेत एक नवा संदर्भ घातला की पुढचे सगळे क्रमांक चुकत. सॉफ्टवेअर वापरल्यावर तो त्रास संपला, पण त्याने जागतिक आरोग्य संघटनेला व्यक्ती समजून ‘ऑर्गनायझेशन’ हे तिचे आडनाव केले आणि उरलेल्या शब्दांची आद्याक्षरे केली. ती नोंद आपण उघडून दाखवलीत आणि संस्थेचे नाव आडनावाच्या व पहिल्या नावाच्या वेगवेगळ्या रकान्यांत न भरता एकाच रकान्यात अखंड भरायचे असते, हे सांगितलेत. सॉफ्टवेअर नोंद मांडून देते, पण नोंदीत काय भरले आहे ते पाहणे माणसाचेच काम आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट उमगले.

बाकीच्या दुरुस्त्यांबद्दल इथे लिहीत बसत नाही. ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहितो आहे, ती त्यानंतरची आहे.

दोन दिवसांनी मी छापील प्रत घ्यायला आलो तेव्हा माझे वरिष्ठ सोबत होते. आपण प्रत हातात दिलीत, सूची आता ठीक आहे म्हणालात आणि घरी गेल्यावर एकदा सावकाश वाचा, एवढेच सांगितलेत. रात्री पाने उलटताना चौतिसाव्या संदर्भाजवळ पेन्सिलीची बारीक खूण दिसली. त्याच पानात एका जुन्या लेखाची प्रत घडी घालून ठेवलेली होती आणि तिला एक चिठ्ठी जोडलेली होती. तीवर बारीक, स्वच्छ अक्षरात लिहिले होते, ‘आपण दिलेला आकडा या लेखात सापडला नाही. तो याच लेखकांच्या आधीच्या लेखात आहे. त्याची प्रत सोबत ठेवली आहे. कृपया एकदा पाहून घ्यावे.’

मॅडम, तो संदर्भ मी मूळ लेख न वाचता एका समीक्षा लेखाच्या सूचीतून उचलला होता. ही चूक किती दूर जाते हे मला ठाऊक नव्हते, असे म्हणण्याची सोय नाही. एका मोठ्या प्रकाशनगृहाने लेखकांसाठीच्या सूचनांमध्ये केवळ नमुना म्हणून छापलेला, प्रत्यक्षात कधीच न लिहिला गेलेला एक लेख शेकडो शोधनिबंधांच्या संदर्भसूच्यांमध्ये शिरला होता, हे २०१७ साली उघडकीस आले. ती हकिकत वाचून मी इतरांना नावे ठेवली होती आणि माझ्याच हस्तलिखितात तशीच एक नोंद बसलेली होती. स्वल्पविराम आणि पृष्ठांक तपासण्यासाठी दिलेल्या कागदावर मजकुराचा खरेपणाही पाहावा, हे आपल्याला कोणी सांगितले नव्हते. मूळ लेख शोधून, आकडा कुठून आला याचा माग काढून, त्याची प्रत मिळवून ठेवायला आपला किती वेळ गेला असेल, याचा अंदाज मी आता करू शकतो.

तरीही सर्वांत जास्त मनाला भिडली ती ती घडी. वरिष्ठांसमोर, काउंटरवर, आपण ही चूक सहज बोलून दाखवू शकला असता आणि त्यात गैर काहीच नव्हते. आपण ती कागदाच्या घडीत ठेवलीत, मला एकट्याला वाचता येईल अशी. चूक झाकली नाहीत आणि मलाही उघडे पाडले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी स्वतःच वरिष्ठांना सगळे सांगितले, आकडा दुरुस्त केला आणि मग उरलेले सर्व संदर्भ मूळ लेख समोर ठेवून तपासले. कोणी चारचौघांत बोलले असते तर कदाचित मी कारणे देत बसलो असतो.

ज्या पद्धतीत आपण माझी सूची बसवलीत तिचा उगमही असाच सद्भावाचा आहे, हे मी अलीकडे वाचले. १९७८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकांचे काही संपादक व्हँकुव्हरला जमले, ते प्रत्येक नियतकालिकासाठी लेखकाला हस्तलिखित नव्याने मांडावे लागू नये म्हणून. नियम छळण्यासाठी नव्हते, सोपे व्हावे म्हणून होते. आता काही नियतकालिके पहिल्या वेळी कोणत्याही एकसारख्या पद्धतीतले संदर्भ स्वीकारतात, हेही मला त्याच भावनेचे वाटते. नियमाच्या मागे माणूस उभा असेल तर नियम जाचत नाही, आणि आपल्या टेबलाशी मला तो माणूस भेटला.

एक विनंती आहे. निबंधाच्या शेवटी आभारांत आपले नाव यावे अशी आम्हा सर्व लेखकांची इच्छा आहे. ज्यांचे आभार मानायचे त्यांची लेखी संमती नियतकालिकाने मागितली आहे. तिचा नमुना या पत्रासोबत जोडला आहे. आपण सही करावी, आणि आडनाव आधी हवे की नंतर, आद्याक्षरे किती द्यायची, हेही कृपया आपल्याच अक्षरात लिहून द्यावे. तेवढी नोंद तरी माझ्याकडून चुकायला नको.

आपला कृतज्ञ,
चौतिसावा संदर्भ दुरुस्त केलेला एक संशोधक