संज्या, गेटवर उभा राहायच्या आधी हे वाच

नागपूर, रविवार

प्रिय संज्या,

काल फोन नेटवर्कनं कटला का तूच कापला माहीत नाही, पण तुझं शेवटचं वाक्य नीट ऐकू आलं. "मले काय येते बे, हुकूम ऐकायचा अन् हुकूम सोडायचा, बाहेर कोण विचारते." रात्री दोन वाजेपर्यंत तेच डोक्यात घोळत होतं. फोनवर सांगायला गेलं की तू "हो हो" म्हणतोस आणि गाडी काटोलच्या संत्र्याच्या भावावर जाते, म्हणून आज लिहायलाच बसलो. मोबाईलवर टाइप करतोय, कूलर फुल आहे तरी घामानं बोट सरकतंय, चुका सांभाळून घे.

तुझे फौजेतून रिटायर व्हायला अकरा महिने राहिले ना? हे अकरा महिने म्हणजे सोनं आहे आणि मी माझे वाया घालवले होते. शेवटच्या वर्षात तू वर्दीत असतानाच सिव्हिल नोकरीचा अर्ज करू शकतोस, केंद्राच्या भरतीत तसा नियमच आहे, टर्म संपायला एक वर्षाच्या आत असलं की चालतं. मला हे कोणी सांगितलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी कोणाला विचारलंही नाही. शेवटचं वर्ष मी लगेज बॉक्स रंगवण्यात आणि कॅन्टीनमधून काय काय घेऊन जायचं याच्या यादीत घालवलं. रिसेटलमेंट कोर्सचं पत्र ऑफिसात आलं होतं, डीजीआरवाले, म्हणजे माजी सैनिकांच्या पुनर्वसनाचं सरकारी खातं, फौजेतून बाहेर पडणाऱ्या लोकांना काही आठवड्यांचे कोर्स देतात, कॉम्प्युटर, सिक्युरिटी, फायर सेफ्टी, मटेरियल मॅनेजमेंट असे, आणि मी म्हटलं बावीस वर्षं झाली आता काय पुन्हा वर्गात बसायचं, घरी जाऊ. आता तुझं युनिट सोडेल की नाही तो वेगळा प्रश्न, सीओ साहेबांना आत्ताच अर्ज टाक, शेवटच्या दोन महिन्यांत कोणी तुझं ऐकणार नाही.

घरी आलो तेव्हा पहिले पंधरा दिवस मस्त. सोळाव्या दिवशी पहाटे चारला उठून मी किचनमधल्या डब्यांना लेबलं लावली, डाळ, साखर, पोहे, तारखेसकट. बायको उठली, बघितलं, काही बोलली नाही. संध्याकाळी म्हणाली, "अहो, नोकरी बघा." त्यात राग नव्हता रे, तेच जास्त लागलं. सतरा-अठरा वर्षं तिनं एकटीनं घर चालवलेलं, त्यात मी अचानक इन्स्पेक्शन करत फिरणारा एक माणूस.

मग मी तेच केलं जे सगळे करतात. एका मोठ्या दुकानाच्या गेटवर सुपरवायझर म्हणून लागलो, नाव सांगत नाही, तू ओळखशील आणि तिथे जाऊन भांडशील. बारा तास उभं. 26 जानेवारीला मला झेंड्याच्या बाजूला उभं केलं, शाल दिली, श्रीफळ दिलं, मालक भाषणात "आपले जवान" म्हणाला, आणि त्या महिन्याचा पगार वीस तारखेला आला तोही ओव्हरटाइम कापून. सिक्युरिटीचं काम वाईट नाही, माझे कितीतरी दोस्त बँकेत गार्ड आहेत आणि व्यवस्थित आहेत, आपल्या राज्याचं मेस्को महामंडळसुद्धा माजी सैनिकांना सरकारी ऑफिसात गार्ड म्हणून लावतं. पण आपल्याला पाहिलं की सगळ्यांना फक्त गेटच कसं काय दिसतं बे, आत गोदाम आहे, ऑफिस आहे, वर्कशॉप आहे, ते नाही दिसत. आणि याला अर्धे जबाबदार आपण स्वतः आहोत, कारण आपण सांगतच नाही.

मी चार महिन्यांत ते सोडलं आणि बुटीबोरीच्या एका कंपनीत स्टोअरच्या जागेसाठी गेलो. एक पोरगी होती एचआरमध्ये, पंचविशीची असेल. माझा बायोडाटा हातात, त्यात मी मोठ्या अभिमानानं लिहिलेलं "मॅगझीन इन-चार्ज, 3 वर्षं". ती म्हणाली, "अरे वा काका, कोणत्या मॅगझीनला होतात? लिहिता का तुम्ही?" मी सांगितलं मॅडम, दारूगोळ्याचं कोठार. ती घाबरली. खरंच खुर्ची मागे सरकवली तिनं. मग मी सावधानमध्ये उभा, ती बसा बसा म्हणतेय आणि मी "ठीक है मॅडम" करत उभाच. प्रश्न विचारला, तुमची अचिव्हमेंट काय? मी म्हणालो आमच्या डेपोला अमुक वर्षी ट्रॉफी मिळाली. ती म्हणाली डेपोला नाही, तुम्हाला. आणि संज्या मला काही सुचलंच नाही. बावीस वर्षं "आम्ही" बोलायची सवय, "मी" तोंडातून निघेना. नोकरी गेली, म्हणजे मिळालीच नाही.

घरी येऊन वही काढली आणि जे जे केलं ते साध्या भाषेत लिहिलं. मॅगझीनच्या जागी लिहिलं, धोकादायक मालाचं गोदाम, इतके आयटम, रोजची नोंद, दरवर्षी स्टॉक मोजणी, फरक शून्य. बिन कार्ड, लेजर, कंडेमनेशन बोर्ड (खराब माल बाद ठरवणारी समिती) हे सगळं त्यांच्याकडेही आहे फक्त सॅप नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि नावं वेगळी आहेत. सीताबर्डीला एका क्लासमध्ये दोन महिने ते सॅप शिकलो, माझ्या पोराच्या वयाच्या मुलांमध्ये बसून, पहिल्या दिवशी माऊसपेक्षा माझा हातच जास्त हलत होता. तिसऱ्या इंटरव्ह्यूला लागलो. आता मिहानच्या बाजूला गोदामात आहे, समृद्धी झाल्यापासून ट्रकची लाईन बघ एकदा येऊन.

आता तुझं. तू म्हणतोस काही येत नाही. तू सीक्यू, म्हणजे कंपनीचं राशन-सामान सांभाळणारा होतास ना बे त्या पोस्टवर, लेहच्या पुढे? खिंड बंद व्हायच्या आधी एकशेवीस माणसांचं सहा महिन्यांचं राशन, केरोसीन, गरम कपडे, औषधं, कोणाच्या खेचरावर काय चढवायचं, काय आधी संपेल, काय गोठून फुटेल, हे सगळं तू एका डायरीत लिहून काढलं होतंस, मला आठवतं तू सुट्टीवर आलास तेव्हा चहाच्या टपरीवर दाखवलं होतंस. इथे आमच्याकडे एमबीए केलेला मुलगा हेच करतो आणि त्याला सप्लाय चेन प्लॅनिंग म्हणतात, फरक इतकाच की त्याचा अंदाज चुकला तर ट्रक उशिरा येतो, तुझा चुकला असता तर माणसं उपाशी. हे लिही. "कंपनी क्वार्टर मास्टर हवालदार" असं एका ओळीत लिहून सोडू नकोस, त्या एचआरच्या पोरीला क्वार्टर म्हणजे दुसरंच काहीतरी वाटेल.

सरकारी नोकरीचं पण ऐकून घे कारण यात लोक अर्धवट माहितीनं मार खातात. आपल्या राज्यात क आणि ड गटात माजी सैनिकांना 15 टक्के समांतर आरक्षण आहे. केंद्रात क गटात 10 आणि ड मध्ये 20, सरकारी कंपन्या आणि बँकांत साडेचौदा आणि साडेचोवीस, त्यात अपंग झालेले जवान आणि शहिदांच्या घरच्यांचा साडेचार टक्के वाटा धरलेला आहे. वयाचं टेन्शन घेऊ नको, केंद्राच्या हिशोबात तुझ्या वयातून पूर्ण सर्व्हिस वजा करतात आणि वर 3 वर्षं सोडतात, म्हणजे तू कागदावर विशीतला पोरगा होतोस (वहिनीला सांग, खूश होईल). तुझं दहावी आणि पंधरा वर्षांच्या वर सर्व्हिस, त्यामुळे जिथे नुसती डिग्री मागतात, टेक्निकल काही नाही, तिथल्या क गटाच्या जागांनासुद्धा तू बसू शकतोस. आणि हो, पेन्शन कापतील ही भीती काढून टाक, ऑफिसर रँकच्या खालच्यांची पेन्शन नव्या नोकरीत पगार ठरवताना धरत नाहीत.

पण एक खड्डा आहे त्यात मी एका हवालदाराला पडताना बघितलंय. आरक्षणातून पहिली सरकारी नोकरी पकडली आणि रुजू झाला की पुढच्या भरतीसाठी तो कोटा संपतो, वयाची सूट तेवढी राहते. त्यानं छोटी जागा पकडली, तीन महिन्यांनी चांगल्या जागेचा निकाल लागला आणि अडकला. यावर उपाय आहे, रुजू होतानाच आधी कुठे कुठे अर्ज केलेत त्याची तारखेसकट यादी लिहून द्यायची, मग त्या अर्जांना कोटा चालतो, 2014 मध्ये तसा आदेश निघालाय. त्यानं यादी दिली नव्हती, त्याला माहीतच नव्हतं, आणि ज्या बाबूनं सही घेतली तो सांगायला बसला नव्हता.

जागा राखीव असतात पण भरत नाहीत हे दुखणं वेगळंच. दरवर्षी साठ हजारांच्या आसपास लोक तिन्ही दलांतून बाहेर येतात, बहुतेक पस्तीस ते पंचेचाळीसचे, पोरं शाळेत, घराचा हप्ता डोक्यावर, तरी कोट्यात पात्र उमेदवार नाही म्हणून जागा तशाच पडून राहतात. टायपिंगचं सर्टिफिकेट नाही, एमएससीआयटी नाही, परीक्षेचा अभ्यास नाही. आपण बावीस वर्षं पहाटे पाचला धावलो पण टायपिंग कोणी शिकवलं का? तू आजपासून मराठी टायपिंग सुरू कर, बरॅकमध्ये रात्री तसाही पत्तेच खेळतोस.

इथे आला की पहिले तीन दिवस पाहुणे-रावळे, चौथ्या दिवशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. ओळखपत्र तिथेच बनतं आणि नोकरीसाठी नाव पण तिथेच नोंदवायचं, नोंदवून विसरायचं नाही, मुदत संपायच्या आत रिन्यू करायचं. स्पर्शचा, म्हणजे पेन्शनच्या पोर्टलचा पासवर्ड स्वतः लक्षात ठेव, सायबर कॅफेवाल्याला देऊ नको. ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या दवाखान्याच्या स्कीमच्या कार्डाचा अर्ज आत्ताच भरायला घे. ती कोळशाची स्कीम तू विचारत होतास, डब्ल्यूसीएल या सरकारी कोळसा कंपनीत लोडिंग-ट्रान्सपोर्टवाली, आहे खरी, डीजीआरमार्फतच चालते, पण टिपर, भांडवल, टेंडर, तो डोकेदुखीचा धंदा आहे, तू माझ्यासारखाच पगारी माणूस आहेस.

अजून एक गोष्ट. गेल्या रविवारी कामठीहून एक ओळखीचा जेसीओ आपला भाचा घेऊन आला होता, अग्निवीर आहे, सुट्टीवर आलेला. पहिल्या बॅचची पोरं 2023 च्या सुरुवातीला ट्रेनिंगला लागली, चार वर्षांनी त्यातली चारात एक राहणार आणि बाकीची बाहेर, हातात सेवानिधीचे, म्हणजे जाताना एकरकमी मिळणारे साधारण 11 लाख 71 हजार, पेन्शन नाही. त्या पोराला विचारलं काय करशील, तर म्हणाला "काका, बुलेट घेईन आणि मग बघू." मी हसलो नाही. आपल्याला निदान महिन्याला पेन्शन आहे, पडलो तरी उशीवर पडतो. त्याला वहीत लिहायला बसवलं, आतापर्यंत काय काय केलंस ते, तर सिग्नलची लाईन टाकणं, जनरेटर चालवणं, बर्फात रेडिओ सेट दुरुस्त करणं असं दीड पान भरलं. भरलं ते पाहून तोच चकित. केंद्रीय पोलीस दलांत त्यांच्यासाठी जागा राखीव ठेवल्यात हेही सांगितलं. जाताना म्हणाला बुलेट जुनी घेतो.

तर तू पण वही घे. रोज अर्धं पान. पदं लिहू नको, कामं लिही, किती माणसं, किती माल, किती गाड्या, काय बिघडलं आणि तू काय केलंस. "आम्ही" लिहिलंस तर खोडून "मी" लिही, लाज वाटेल, वाटू दे. फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाक, बायोडाटा मी बनवतो, दिवाळीच्या सुट्टीत आलास की व्हरायटी चौकाकडून तर्री पोहे आणू आणि माझ्याकडे बसून इंटरव्ह्यूची रिहर्सल करू, एचआरची पोरगी मी होईन.

आणि हे सगळ्यात आधी कर. तुझ्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये वहिनीचं नाव अजून "सुनिता"च आहे ना, आणि आधारवर "सुनीता", आणि जन्मतारीख लग्नाच्या वेळी अंदाजानं सांगितलेली? माझ्या बायकोच्या नावात एका अक्षराची चूक होती, ती रेकॉर्ड ऑफिसकडून दुरुस्त करायला मला बाहेर आल्यावर सात महिने आणि चार ॲफिडेव्हिट लागले. आत असताना पार्ट टू ऑर्डरनं (युनिटमधून रेकॉर्ड ऑफिसला जाणारी अधिकृत नोंद) हे काम युनिटच्या क्लर्कच्या एका सहीवर पुढे सरकतं. उद्या सोमवार आहे. क्लर्कला चहा पाज आणि वहिनीची दहावीची मार्कशीट आजच मागवून घे, नुसता आधारचा फोटो नको.

तुझाच,
राजा