जुनी गाडी घेताना मदत केलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार

आईबाबांना गाडीने नर्मदा परिक्रमेला न्यायचंय, म्हणून भरवशाची सेकंडहँड गाडी शोधत होतो आणि ज्यांची नावंही माहीत नाहीत अशा माणसांनी केवढी मदत केली! मेकॅनिक काकांनी इंजिन थंड असतानाच स्टार्ट करायला लावलं, ऑइलचं झाकण उघडून आत दुधाळ चिकटा नाही ना ते बघितलं (हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधलं सील, गेलं की कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, ऑइलमध्ये मिसळू शकतं), टायरवरचे आकडे वाचायला शिकवलं, 1422 म्हणजे टायर 2022 च्या चौदाव्या आठवड्यात बनलेला. आणि आरटीओबाहेरच्या त्या ताई, आरसीवर बँकेचा बोजा दिसतोय, फॉर्म 35 (बोजा उतरवायचा फॉर्म) आणि बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका असं बजावलंत, फार मोठे उपकार झाले. कार्तिकी एकादशी झाली की ओंकारेश्वरहून निघतोय, आईबाबा जाम खूश आहेत.