हुमणीचे भुंगेरे गोळा करण्याबाबत सूचना

पंचगंगाकाठच्या सर्व ऊस उत्पादक सभासदांस कळविण्यात येते की, वळवाचा जोरदार पाऊस होताच हुमणीचे, म्हणजे उसाची मुळे खाणाऱ्या अळीचे, भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून बाहेर पडून कडुनिंब व बाभळीवर पाला खाण्यास जमतात. त्याच वेळी फांद्या हलवून ते पाडावेत आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकून नष्ट करावेत. भुंगेरे बांध ओळखत नसल्याने हे काम शिवारातील सर्वांनी एकाच वेळी करावे. पुढे पावसाळ्यात ऊस पिवळा पडून सहज उपटून येऊ लागल्यास पाण्याचा ताण समजून पाटपाणी देत बसू नये, तर बुडखा खणून अर्धगोल वाकलेली, तपकिरी डोक्याची पांढरी अळी शोधावी. या अळीला मारणारी मेटारायझियम बुरशी शेणखतात मिसळून ओलसर जमिनीतच द्यावी.