चापड्याला घोणस म्हणू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात ‘घोणस चावून शेतकरी अत्यवस्थ’ अशी बातमी आली होती. सोबत मारलेल्या सापाचा फोटो. साप हिरवागार, मान बारीक, डोके तिकोनी. घोणस हिरवी नसते हो! तो चापडा.

बातमीदाराला दोष देत नाही. मी ३१ वर्षे सरकारी नोकरीत औषधनिर्माण अधिकारी होतो. सर्पदंशाच्या नोंदवहीत आम्हीही ‘अज्ञात विषारी साप’ एवढेच लिहून पान उलटत होतो. एकदा काजूच्या बागेत रान साफ करणाऱ्या एका बाईच्या बोटाला दंश झाला. तिच्या नवऱ्याने साप चक्क लोणच्याच्या बरणीतून आणला. चापडाच होता, सगळ्यांनी पाहिला. तरीही एएसव्हीच्या, म्हणजे सर्पविषावरच्या लसीच्या, दहा कुप्या चढल्या, कारण भिंतीवरच्या तक्त्यात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारच साप होते आणि हात तर कोपरापर्यंत सुजलेला. तासाभरात बाईला हुडहुडी भरली, अंगावर गांधी उठल्या. ती वाचली. पण तो त्रास चापड्याच्या विषाचा कमी आणि आमच्या औषधाचा जास्त होता. नोंदवहीत काय लिहिले? अज्ञात.

आपली एएसव्ही घोड्यांच्या रक्तापासून बनते. घोड्यांना त्या चारच सापांचे विष टोचलेले असते, त्यातले बहुतेक तमिळनाडूतल्या इरुळा लोकांच्या सहकारी संस्थेकडून येते. चापड्याचे विष त्यात नाही. चापड्याच्या दंशाने माणूस दगावणे विरळाच, म्हणून कुणाला घाई नसावी. पण त्याचा एक भाऊबंद, इंग्रजीत हंप-नोज्ड पिट व्हायपर, तितका साधा नाही. पाचोळ्यात पडून राहणारा, तपकिरी, जेमतेम हातभर लांबीचा, नाकाचा शेंडा वर उचललेला. २००७ साली केरळातल्या डॉक्टरांनी साप नीट ओळखून, पुराव्यानिशी मांडले की याच्या दंशाने रक्त गोठेनासे होते, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि आपल्या एएसव्हीचा त्यावर उपयोग होत नाही. तोवर तो फुरसे म्हणून खपत होता. गोव्याच्या रानात हा साप आहे. आमच्या दोडामार्गाहून गोव्याची हद्द हाकेच्या अंतरावर, आणि सापाला काही चेकनाका लागत नाही.

या दोघांच्याही डोळा आणि नाकपुडीच्या मध्ये एक खळगी असते. घोणस आणि फुरशाला ती नसते. खळगीतला पातळ पडदा उंदराच्या अंगची ऊब अंधारात टिपतो. २०१० मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी तिथल्या खुळखुळ्या सापावर काम करून ही ऊब ओळखणारे प्रथिन शोधले. गंमत अशी की तेच प्रथिन आपल्याही अंगात असते. मोहरी फेसली की नाकात जी झणझण जाते, ती त्याच्यामुळे. आपल्या शरीरात ते झोंबणे ओळखते, सापाच्या शरीरात ऊब.

आता ब्राझीलचे बघा. जराराका हा तिथला खळगीवाला साप, म्हणजे आपल्या चापड्याचा दूरचा नातलग. फ्रान्सहून आलेली लस नागाच्या विषावर बनवलेली होती, ती जराराकावर चालेना. हे व्हितल ब्राझील या डॉक्टरने दाखवून दिले आणि स्थानिक सापांची लस स्थानिक विषापासूनच बनवली. त्याच्या बुतांतान संस्थेची स्थापना १९०१ ची. शेतकऱ्यांनी साप लाकडी पेटीत घालून रेल्वेने संस्थेकडे पाठवायचे आणि बदल्यात लस मिळवायची, अशी पद्धत त्याने घालून दिली. लसीबरोबर एक छापील फॉर्मही जायचा: कोणता साप, कुठे चावला, पुढे काय झाले. तो भरून परत पाठवायचा. शंभर वर्षांपूर्वीचा तो फॉर्म मला आमच्या नोंदवहीपेक्षा शहाणा वाटतो.

त्याच जराराकाच्या विषात १९६५ साली सेर्जिओ फरेरा या ब्राझिली संशोधकाला रक्तदाबाशी संबंध असलेला घटक सापडला. त्या वाटेने पुढे जाऊन एका अमेरिकी कंपनीने कॅप्टोप्रिल बनवले, १९८१ पासून ते तिथे विकले जाऊ लागले. मी रोज सकाळी चहाआधी घेतो ती रामिप्रिलची गोळी त्याच घराण्यातली. खळगी नसलेल्या फुरशाच्या विषातल्या प्रथिनाचा नमुना समोर ठेवून हृदयविकारावरचे टिरोफिबान तयार झाले. रत्नागिरीकर ज्याच्या नावाने बोटे मोडतात, तेच हे फुरसे! चापड्याच्या विषात काय आहे, हे बघायला आपण कधी बसणार?

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत चार सापांपलीकडच्या विषांवर काम चालू आहे. एकाच जातीच्या सापाचे विष प्रांतागणिक बदलते, हेही तिथल्या मंडळींनी दाखवले आहे. पण प्रयोगशाळेला आधी कळायला हवे की कुठे कोणता साप किती चावतो. केंद्र सरकारने सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणायचा आराखडा मार्च २०२४ मध्ये काढला, पुढे दंशाची नोंद सक्तीची करा असे राज्यांना कळवले. नोंद होईलही. त्या नोंदीत सापाच्या नावाचा रकाना हवा, आणि मोबाइलवर काढलेला फोटो जोडायची सोय हवी. साप मारून आणायची गरज नाही, हेही गावोगाव सांगावे लागेल. आणि कोरड्या काचेच्या नळीत २ मिली रक्त २० मिनिटे न हलवता ठेवून ते गोठते का हे बघायला एक नळी आणि एक घड्याळ पुरते. ते प्रत्येक केंद्रात व्हावे, निकाल त्याच ओळीत लिहावा. चापड्याच्या दंशात रक्त गोठते की नाही, किती जणांचे नाही, हे पाच पावसाळ्यांत समजेल.

माझ्या बागेत चापडे आहेत. कुणी संशोधक वनखात्याचा परवाना घेऊन आला तर राहण्याजेवणाची सोय मी करीन. मात्र जूननंतर यावे, उन्हाळ्यात ते सहसा दिसत नाहीत.

आपला,
एक निवृत्त औषधनिर्माण अधिकारी
दोडामार्ग, जि. सिंधुदुर्ग