रात्रीचा पाराही मोजा

संपादक महोदय,

नागपुरात पारा ४४ वर गेला तरी उष्णतेची लाट जाहीर होत नाही, याची दरवर्षी थट्टा होते. पण हवामान खात्याचा नियमच तसा आहे. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असावं, नाहीतर थेट ४५ गाठावं. तेही हवामान उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर, लागोपाठ दोन दिवस. मे महिन्यात आपली सरासरीच ४२-४३. त्यावर साडेचार म्हणजे ४७! आम्ही मुळातच तापलेले, म्हणून आमचं तापणं हिशेबात नाही.

बरं, दुपारचं ऊन टाळता तरी येतं. वीज वितरणात लाइनमन होतो, त्यामुळे रात्रीचं सांगू शकतो. दिवसभर तापलेली डीपी, म्हणजे गल्लीतला ट्रान्सफॉर्मर, रात्री निवते. पूर्वी दहानंतर लोड उतरायचा. आता एसी पहाटेपर्यंत चालतात, डीपीतलं तेल थंडच होत नाही, आणि डीओ, म्हणजे खांबावरचा फ्यूज, उडाला की अख्खी गल्ली रस्त्यावर. तार बदलायला मध्यरात्री वर चढलं तरी ट्रान्सफॉर्मरच्या टाकीची धग तोंडावर यायची. खाली बाया लेकरांना पुठ्ठ्यानं वारा घालत दारात बसलेल्या, कारण टिनाच्या घरात पाय ठेववत नाही. जूनच्या तोंडावर हवा दमट झाली की वीज असूनही कूलर नुसता आवाज करतो, ताट्या कितीही भिजवा.

छतावरच्या सोलरचं नागपुरात चांगलं बस्तान बसलं आहे. आनंदच आहे. पण सूर्य मावळला की मुख्य भिस्त कोळशावर, म्हणजे कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख पुन्हा आपल्याच वाट्याला.

अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ वर गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. संशोधकांनी हा आकडा उष्माघाताच्या नोंदींतून नाही, तर शहरातल्या एकूण मृत्यूंची २००९ आणि २०११ च्या मे महिन्याशी तुलना करून काढला. त्या लाटेच्या अनुभवातून २०१३ चा उष्णता कृती आराखडा झाला आणि त्यात ४३.१ अंशांनाच नारिंगी इशारा ठेवला गेला. पुढे आपल्याकडेही आराखडा आला. पाणपोया, दुपारी उघडी ठेवलेली उद्यानं, हे ठीकच. पण रात्रीचं काय?

कोणता फीडर, म्हणजे वस्तीला वीज पुरवणारी वाहिनी, कोणत्या रात्री किती वेळ बंद होता, याची नोंद वीज कंपनीकडे असतेच. मृत्यूची नोंद महापालिकेकडे, रुग्णांची मेडिकल-मेयो या सरकारी रुग्णालयांकडे. पर्यावरण संशोधन करणारी नीरी आणि अभियांत्रिकीची व्हीएनआयटी या संस्था तर गावातच आहेत. हे कागद शेजारी-शेजारी ठेवून प्रभागवार अभ्यास करायला दिल्ली-मुंबईची वाट कशाला पाहायची? इशारा देताना रात्रीचं किमान तापमानही धरावं. आणि अभ्यास होईल तेव्हा होईल. ज्या वस्त्यांत दर उन्हाळ्यात डीपी जळते, त्या तिथल्या लाइनमनला तोंडपाठ असतात. २५ मेला नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या आत तिथे जादा क्षमतेचे ट्रान्सफॉर्मर बसवून घ्यावेत.

— एक सेवानिवृत्त लाइनमन, गोळीबार चौक, नागपूर