करार दोघांना बांधतो की एकालाच?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

युरोपातील फुटबॉल क्लबांची खेळाडूंची खरेदी-विक्री सुरू झाली की आपल्या क्रीडा पानावर डोळे दिपवणारे आकडे येतात आणि पाठोपाठ वाचकांची पत्रेही येतात. एवढे पैसे घेऊन वर करार अर्धवट सोडण्याचा हट्ट धरणे हा माज आहे, नोकरदार माणसाला असली थेरं परवडत नाहीत, असा त्यांचा एकंदर सूर असतो. बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत कार्मिक विभागात नेमणूकपत्रे तयार करण्यातच माझी नोकरी सरली, त्यामुळे या तुलनेबद्दल चार शब्द लिहितो. लोक पगारांची तुलना करतात. करार मात्र कोणी वाचत नाही.

2017 मध्ये नेमार हा खेळाडू बार्सिलोना क्लब सोडून पॅरिस सेंट-जर्मेन क्लबकडे गेला तेव्हा 22 कोटी 20 लाख युरो बार्सिलोनाला मिळाले. हा त्याचा पगार नव्हता, तर चालू करारातून सुटण्याची किंमत होती. अशी किंमत मोजावी लागते, कारण फुटबॉलपटूला महिन्याची नोटीस देऊन राजीनामा टाकता येत नाही. फिफा या फुटबॉलच्या जागतिक संघटनेच्या नियमांनुसार करार साधारणपणे जास्तीत जास्त 5 वर्षांचा असतो आणि सबळ कारण नसेल तर तो मुदत भरल्यावर किंवा दोघांच्या संमतीनेच संपतो. वयाच्या 28 व्या वर्षापूर्वी सही केली असेल, तर पहिली 3 वर्षे सबळ कारणाशिवाय करार मोडणाऱ्याला भरपाईखेरीज सामन्यांच्या बंदीलाही तोंड द्यावे लागते. एवढ्यावरून फुटबॉलपटू आपल्या कारकुनापेक्षाही पक्का जखडलेला दिसतो, आणि तो तसा आहेच. पण त्याच नियमाने क्लबही जखडलेला असतो. नवा प्रशिक्षक आला आणि त्याला हा खेळाडू नको झाला, फॉर्म हरपला किंवा गुडघ्याचा स्नायुबंध तुटून वर्ष वाया गेले, तरी क्लबला मुदतीपर्यंतचा पगार टाळता येत नाही. आमच्याकडे कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) योजनेतल्या आजारी कामगाराला वर्षात 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के रक्कम मिळते. ठेकेदाराकडच्या माणसाचे नाव अनेकदा त्या योजनेतही नसते.

हा समतोल कोणी खुशीने दिलेला नाही. इंग्लंडमध्ये 1961 पर्यंत खेळाडूच्या पगाराला आठवड्याला 20 पौंडांची कमाल मर्यादा होती आणि करार संपल्यावरही क्लब त्याची नोंदणी अडकवून ठेवू शकत असे. म्हणजे पगार बंद, पण दुसरीकडे खेळायलाही मज्जाव. जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूने आपल्या न्यूकॅसल क्लबला न्यायालयात खेचले आणि 1963 मध्ये ही पद्धत व्यवसायावरचा अवाजवी निर्बंध ठरली. बेल्जियमचा फुटबॉलपटू बोसमान याचा करार 1990 मध्ये संपला तेव्हा त्याच्या क्लबने त्याला आधीच्या चौथाई पगारावर राहण्याचा प्रस्ताव दिला. तो त्याने नाकारला, तर दुसऱ्या क्लबकडे जाण्याची वाटही अडली. युरोपीय न्यायालयाचा निकाल त्याच्या बाजूने लागायला 15 डिसेंबर 1995 उजाडावे लागले. त्या निकालावर पुढच्या पिढ्या श्रीमंत झाल्या, त्याची स्वतःची कारकीर्द मात्र तोवर आटोपली होती.

आपला कायदाही या बाबतीत मागासलेला नाही. 1872 च्या करार कायद्याचे कलम 27 व्यवसायाला आडकाठी करणारे करार निरर्थक ठरवते. आमच्या बडोद्याकडून रणजी खेळलेल्या झहीर खानविरुद्ध त्याचे व्यवहार पाहणारी कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. करार संपल्यानंतरही आधी आम्हालाच विचारायचे, असा तिचा दावा होता. 2006 मध्ये न्यायालयाने तो मानला नाही. मात्र कराराची मुदत चालू असतानाचे निर्बंध न्यायालये सहसा मान्य करतात, आणि आपल्या तरुणांची खरी अडचण नेमकी तिथे सुरू होते.

शेजारची एक मुलगी इंजिनिअर झाली आणि सही करण्याआधी तिने आपले नेमणूकपत्र मला वाचायला दिले. त्यात 2 वर्षांचा बॉण्ड होता आणि आधी सोडल्यास 2 लाख रुपये भरण्याची अट होती. प्रशिक्षणावर कंपनी काय खर्च करणार, याचा मात्र कुठे उल्लेख नव्हता. मूळ गुणपत्रिका 'पडताळणीसाठी' जमा करायच्या होत्या. त्या परत कधी मिळणार, हे लिहिलेले नव्हते. तिने नोटीस द्यायची 90 दिवसांची आणि कंपनीने तिला द्यायची 30 दिवसांची, तीही कारण न सांगता. म्हणजे तिला 2 वर्षे हलता येत नव्हते, आणि कंपनी तिला कोणत्याही महिन्यात घरी बसवू शकत होती. या 2 वर्षांत कंपनीही मला काढणार नाही, एवढी एक ओळ घाला, असे तिने माझ्या सांगण्यावरून विचारून पाहिले. पत्राचा नमुना ठरलेला आहे, असे उत्तर आले. तिने सही केली. दुसरे करणार तरी काय?

मे 2025 मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 3 वर्षांची सेवा किंवा 2 लाख रुपये ही अट वैध ठरवली. त्या निकालाचा आधार आता ऊठसूट दिला जाईल, म्हणून सांगतो की ते प्रकरण वेगळे होते. सरकारी बँकेला भरतीसाठी जाहिरात, परीक्षा, मुलाखती हा सारा खर्चिक सोपस्कार करावा लागतो, आणि तिथल्या अधिकाऱ्याला कोणी लहर आली म्हणून काढू शकत नाही. तो करार फुटबॉलच्या कराराच्या बराच जवळचा आहे. खाजगी कंपनीने त्यातला दंड तेवढा उचलावा आणि नोकरीची हमी सोडून द्यावी, हा सोयीस्कर न्याय झाला.

फुटबॉलमध्ये सारे आलबेल आहे, असे माझे म्हणणे नाही. करार मोडणाऱ्या खेळाडूला घेणाऱ्या नव्या क्लबवरही भरपाईचा बोजा टाकण्याचा फिफाचा नियम लसाना दियारा या फुटबॉलपटूच्या प्रकरणात 4 ऑक्टोबर 2024 रोजी युरोपीय न्यायालयाने युरोपीय कायद्याशी विसंगत ठरवला, ते योग्यच झाले. आपल्या देशात जुलै 2025 मध्ये इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेचा पुढचा हंगाम लांबणीवर पडला आणि ऑगस्टमध्ये तिच्यातल्या बंगळुरू एफसी क्लबने पहिल्या संघाच्या खेळाडूंचे व कर्मचाऱ्यांचे पगार बेमुदत थांबवले. करारावर सही असूनही हे घडले. तरी दोन महिन्यांचा पगार थकला तर 15 दिवसांची लेखी नोटीस देऊन करार संपवण्याची आणि भरपाई मागण्याची सोय फिफाच्या नियमांत खेळाडूला निदान आहे. पगार थकवणाऱ्या मालकाकडून बॉण्ड माफ करून घेण्यासाठी आमच्याकडच्या मुलांनी कोणाच्या दारात जायचे?

राज्यांच्या कामगार खात्यांनी तीन गोष्टी कराव्यात. बॉण्ड जितक्या मुदतीचा, तितकी मुदत कंपनीनेही कर्मचाऱ्याला काढू नये, गैरवर्तन सिद्ध झाले तर गोष्ट वेगळी. दंडाची रक्कम प्रशिक्षणावर खरोखर झालेल्या आणि दाखवता येईल अशा खर्चापुरतीच असावी आणि सेवेच्या प्रत्येक महिन्यागणिक कमी होत जावी. मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेण्यास साफ बंदी असावी. यातली शेवटची गोष्ट तर एका परिपत्रकाने उद्याही सुरू करता येईल.

आपला नम्र,
एक निवृत्त कार्मिक अधिकारी
दांडिया बाजार, बडोदे